मागच्या खोलीची कडी

आत्या, मंगळवारी मी तुझ्याबद्दल पुन्हा एकदा खोटं बोलले. डॉक्टरीणबाईंनी साधंच विचारलं होतं, चष्मा पुसता पुसता, "परिवार में किसी को ऐसा कुछ रहा है? कभी महीनों उदास, कभी महीनों बहुत तेज, नींद नहीं, बस बोलते ही जाना?" माझी लेक बाजूच्या खुर्चीत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. आणि माझ्या तोंडून, बाप्पा, क्षणभरही न थांबता निघालं, "नहीं मॅडम, हमारे यहाँ किसी को नहीं." पाठ केलेला पाढा म्हणावा तसं. त्या म्हणाल्या, "ठीक से सोच लीजिए, दवा इसी पर तय होती है. जिनके घर में ऐसा रहा हो, उनको ये वाली गोली अकेली नहीं देते." मी विचार केल्यासारखं तोंड केलं आणि परत मान हलवली. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली, दोन आठवड्यांनी दाखवा म्हणाल्या, आणि आम्ही खालच्या दुकानातून गोळ्या घेऊन घरी आलो.

आज गुरुवार. गोळ्यांची पट्टी फ्रिजवर ठेवली आहे आणि मी येता-जाता तिच्याकडे बघते आहे. लेकीला म्हटलं, औषध शुक्रवारपासून सुरू करायचं असतं. कोण म्हणतं असं? कोणीच नाही. ती काही विचारतही नाही. तीन आठवडे झाले, भिंतीकडे तोंड करून पडली आहे. कॉलेज नाही, केस विंचरणं नाही, मोबाईल उशाशी बंद पडलेला. "ऊठ गं, दोन घास खा," म्हटलं की म्हणते, "मम्मी, मन नहीं है." मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. पण ती अशी पाठ करून पडली की मला माझ्या लेकीची पाठ दिसत नाही, आत्या. तुझी दिसते. खांद्याचं हाड तसंच वर आलेलं, वेणी तशीच सुटलेली. दुपारची ती निजली की मी जेवणाच्या टेबलाशी येऊन बसते, आणि आज तिच्या जुन्या वहीची कोरी पानं काढून हे लिहायला घेतलं आहे.

आणि नुसती पाठच नाही. आम्ही आता नवा रायपुरात राहतो. सरकारी क्वार्टर आहे, चार मजली इमारत, समोर एवढा रुंद रस्ता की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर फोन करावा लागतो. हे मंत्रालयात आहेत. तुला इथं एक दिवस करमलं नसतं. तर या दिवाळीत हीच पोरगी पहाटे उठून चारही मजल्यांचे जिने धुवायची आणि आठही दारांत रांगोळी काढायची, कुणाला विचारलं नाही की सवरलं नाही. पाच दिवस, रोज नवी. झोप दोन-तीन तास. बोलायला लागली की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. शेजारच्या दीदी म्हणाल्या, "आपकी बेटी कितनी होशियार है!" मी हसून "हव" म्हटलं आणि आत येऊन ओट्याला धरून उभी राहिले. ती रांगोळी मी आधी पाहिलेली होती. तेव्हाच मला कळलं होतं, आणि तेव्हाही मी कुणाजवळ बोलले नाही.

तुला आठवते का तुझी? राज्य नवं झालं तेव्हाची. रायपूर राजधानी झाली म्हणून सगळ्या शहराला हुरूप आला होता, पण तुझ्यापुढं कोण? तू तात्यापाऱ्यातल्या आपल्या दारापासून सुरुवात केलीस ती थेट कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत गेलीस. वेली, कमळं, मोर, आणि मधेच एक मंत्री काढलास, टोपीवाला. स्कूटरवाले थांबले, हॉर्न वाजवायला लागले, तर तू कमरेला पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी. "काहून बोंबलून राहिले? राजधानी आहे आता! राजधानीत माणूस सरळ चालते काय? वळसा घालून जा न, भैया!" आणि लोक गेले गं वळसा घालून. एका भाजीवालीनं तर टोपली खाली ठेवून तुझ्यासोबत दोन पाकळ्या भरल्या. बाबा ऑफिसातून आले ते सायकल हातात धरून, भिंतीच्या कडेकडेनं, एकही रेघ न मोडता घरात शिरले. पाय धुताना मला म्हणाले, "मोठी छान काढली वं तिनं. पण हे चांगलं नाही. आता महिना-दोन महिने अशीच राहीन, आणि मग पडीन." बाबांना तुझं वेळापत्रक पाठ होतं.

तुलाच तुझं सांगणं म्हणजे येडेपणाच आहे. पण घरात तुझं कुणी काही सांगत नाही, तर निदान मी एकदा सगळं ओळीनं मांडते. तू बाबांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी लग्न झालं, बाविसाव्या वर्षी तुझे सासरे तुला एका ट्रंकेसकट आपल्या दारात सोडून गेले. "डोक्यात फरक आहे, तुम्ही आम्हाला फसवलं," एवढंच म्हणाले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. तेव्हापासून मागची खोली तुझी. मी जन्मले तेव्हा तू तिथंच होतीस, आणि मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी एक आत्या असते, जी चार महिने भिंतीकडे तोंड करून पडते आणि मग एका सकाळी उठून म्हणते, "वहिनी, तेल आहे का? आज काहीतरी तळू." उठलीस की घर उजळायचं, यात काही खोटं नाही. माझी सगळी हौसमौज तुझ्या उठण्यावर होती. सदर बाजारात तू मला घेऊन सराफांच्या दुकानात शिरायचीस, तासभर कानांत डूल घालून आरशात बघायचीस, आणि शेवटी म्हणायचीस, "नाही भैया, माझ्या कानाले ओझं होते." सराफ चिडायचे नाहीत. उलट चहा मागवायचे, कारण तू बसलीस की दुकानात येणारी गिऱ्हाइकं तुझं बोलणं ऐकत थांबायची. घरी परतताना तू मला म्हणायचीस, "आईले सांगू नको हं. पण छान दिसत होती न मी?" छान दिसायचीस. तेव्हा मी नुसती मान हलवायचे, म्हणून आता लिहिते.

आणि औषध? औषध म्हणून एक बैगा यायचा, खेड्यावरून. दोरा बांधायचा, लिंबू उतरवून टाकायचा, आणि तू शुद्धीत असलीस की त्यालाच त्याच्या गुडघेदुखीवर काढा सांगायचीस. बाबांच्या ऑफिसातल्या एकानं खऱ्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांनी ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली, रोज एका शर्टातून दुसऱ्या शर्टात घातली, आणि आईशी दोनदा विषय काढला. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "घरात लग्नाची पोट्टी आहे. त्या दवाखान्यात आपल्यातली चार माणसं तरी ओळखीची भेटतात. बाई काही कोणाले मारून नाही राहिल्या, धरून नाही राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची." पुढं ती चिठ्ठी एका शर्टासोबत धुतली गेली. बाबांनी तो लगदा दोरीवरच्या खिशातून काढून हातावर घेतला आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. ती लग्नाची पोट्टी म्हणजे मी. मी तेव्हा दारात उभी होते, सगळं ऐकत होते, आणि मला आईचंच म्हणणं पटलं होतं.

मग ते पाहुणे आले, भिलाईचे. तो तुझा बोलण्याचा मोसम होता, त्या रांगोळीनंतरचाच. तू सकाळपासून सांबारवडीच्या मागे लागली होतीस. सांबार म्हणजे तुझ्या नातीच्या भाषेत धनिया. सहा जुड्या निवडून, धुऊन, धोतराच्या पानावर पसरून वाळवल्या होत्यास. बेसनाची पारी लाटायची, आतून चिंचेचं पाणी आणि तेल लावायचं, सारण भरायचं, पुडी बांधतात तशी घडी घालायची आणि तळायची. घरभर असा वास सुटला की पानठेलेवाला येऊन विचारून गेला. सगळं झाल्यावर बाबा तुझ्याजवळ आले आणि खाली बघत म्हणाले, "तू फक्त मागं बस. ते गेले की ये." तू म्हणालीस, "दादा, मी काय चोर आहे काय?" मग तू माझ्याकडे पाहिलंस. मी हिरवी साडी नेसून, हातभर नव्या बांगड्या घालून आरशासमोर उभी होते, घामानं पावडर ओघळत होती. तुझा आवाज एकदम उतरला. "बरं. बसते. तोंडाले कुलूप लावून बसते, पाह्य तू." आणि गेलीस. दार ओढून घेतलंस. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, तेव्हा त्या दाराला बाहेरून कडी लागली. कडी बाबांनी लावली, असंच आमच्या घरात आजवर सांगतात.

मुलगी बघायच्या दिवशी ताटात जे काही असतं ते मुलीनंच केलेलं असतं, हा आपल्याकडचा नियमच आहे. दुकानातून आणलेली जिलबीसुद्धा तिनंच केलेली असते. त्यामुळं यांच्या आईनं वडीचा तुकडा मोडून "कोणी केली?" असं विचारल्यावर आईनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पण त्या बाई पक्क्या होत्या. मला विचारलं, "खसखस भाजून घेतली की कच्चीच?" मी वडीला कधी हातही लावला नव्हता. दहा पावलांवर, दाराच्या पलीकडे, उत्तर माहीत असलेली बाई बसली होती, आणि तिला कुणी खसखशीबद्दल विचारलं तर ती अर्धा तास थांबायची नाही. मी म्हटलं, "भाजून." नशिबानं बरोबर निघालं. मग यांच्या वडिलांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं बेटा?" आणि मी म्हटलं, "आई, बाबा आणि मी." आईनं नाही, बाबांनी नाही. मी म्हटलं, माझ्या तोंडानं, चांगलं ऐकू जाईल असं. दारापलीकडून साधा खाकरल्याचाही आवाज आला नाही.

दोन तास बसले ते. यांच्या आईला दुसऱ्यांदा चहा हवा होता. तू दोन मिनिटं गप्प बसू शकत नव्हतीस त्या दिवसांत, झोपेतही बोलायचीस, आणि दोन तास तुझा श्वाससुद्धा ऐकू आला नाही. होकार देऊन ते गेले, आईनं कडी काढली, तू बाहेर आलीस. तुझा पदर चिंब ओला होता. बोळा करून तोंडात धरून बसली होतीस. आधी तू तांब्याभर पाणी प्यालीस. मग माझ्या हातांकडे पाहिलंस, बांगड्यांकडे. मग बाबांकडे वळून म्हणालीस, "काय दादा, कडी लावली न तू?" बाबा गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं असं मला वाटलं, आणि म्हणाले, "हो. चुकलं माझं." तू म्हणालीस, "पुन्हा नको लावू. मी काय पळून जाऊन राहिली?" आणि लगेच माझी हनुवटी धरलीस. "पोट्टे, जमलं का? वडी आवडली न त्याहिले?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की तू मला स्वयंपाकघरात बसवायचीस. "चाल, तुझं खोटं पक्कं करून देते." लग्नाला दोन महिने होते. सासरी गेल्यावर पहिल्याच सणाला वडी करायला सांगतील, आणि हसं होईल, ही काळजी माझी नव्हती, आईची नव्हती. तुझी होती. प्रमाण विचारलं की म्हणायचीस, "मले काय विचारते, हाताले विचार." एकदा माझी वडी तेलात उकलली, सारण सगळं कढईभर झालं, आणि मी कंटाळून म्हटलं, जाऊ दे, चालतं. तू माझ्या हातावर फटका मारलास, चांगला लागला. "खोटं बोलली न? मग आता ते जन्मभर पोसावं लागते. अर्धवट खोटं कोणाच्याच कामाचं नाही." तुला ते माझ्या तोंडावर फेकायचं होतं की नुसतं वडीबद्दलच बोलत होतीस, मला आजही ठरवता येत नाही. रागावलेली तर दिसत नव्हतीस. उकललेली वडी तूच खाल्लीस, मीठ बरोबर आहे म्हणालीस.

लग्नापर्यंत तू पडली होतीस. बाबांचा हिशेब चुकला नाही. "येत नाही मी, बरं नाही," एवढंच बोललीस आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, का लपवू? निघताना मी मागच्या खोलीत आले, तुझ्या पायांना हात लावला. तू वळली नाहीस. फक्त हात मागं केलास, आणि त्यात कापडाची एक बांधलेली पुरचुंडी होती. सोडून बघितली तर खसखस, भाजलेली. "पहिल्या खेपेले पुरते," भिंतीकडे तोंड करूनच म्हणालीस. सासरी पहिल्या खेपेला ती पुरली. सासूबाई चार घरी सांगत फिरल्या, सूनबाईच्या हाताला चव आहे म्हणून.

आणि तू गेलीस ते महालक्ष्म्यांच्या दिवशी, मी सासरी असताना. कावीळ झाली होती, आठच दिवसांत सगळं आटपलं. फोन आला तेव्हा घरात सोळा भाज्या चिरून तयार होत्या, पुरण शिजत होतं, सवाष्ण यायची होती. बाबा फोनवर फक्त, "गेली ती," म्हणाले. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. सासूबाईंनी विचारलं, कोणाचा गं? म्हटलं, बाबांचा, सणाचं विचारत होते. मग काय करणार? जी बाई घरात नव्हतीच, ती मरणार कशी? निदान तुझ्या नावानं आंघोळ तरी करायची होती. मी मुद्दाम ताकाचं भांडं अंगावर कलंडवलं आणि "अगं बाई" करत न्हाणीघरात गेले, डोक्यावरून पाणी घेतलं. नळ चालू ठेवून रडले. बाहेर येऊन पुरण वाटलं. लेक तेव्हा पोटात होती, पाचवा महिना.

हे सगळं आज लिहिताना चार वेळा उठून बघून आले. ती निजलेलीच आहे. पट्टी फ्रिजवरच आहे.

शनिवार. काल सकाळी मी कणीक मळत होते, तर ती आपणहून उठून आली. माझ्या सांगण्यावरून, शुक्रवार म्हणून. फ्रिजवरची पट्टी काढली, गोळी तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "मम्मी, आज से लेनी है ना?" तिला वाटत होतं आईनं सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. मी कणकीच्या हातानंच तिची मूठ गच्च मिटली. "थांब," म्हटलं. "खाऊ नको. आधी डॉक्टरांकडे जाऊ." ती घाबरली. "क्यों? क्या हुआ?" मी हात धुतले. साडी बदलली, आणि बसथांब्यावर तासभर उभं राहून, कारण आमच्याकडं बस येते तेव्हा येते, दवाखान्यात पोचलो.

मी खुर्चीत बसायच्या आधीच बोलले, नाहीतर पुन्हा पाढा सुरू झाला असता. "मॅडम, मेरी बुआ थीं. मैंने उस दिन झूठ बोला." मग जी सुटले ती सगळंच सांगितलं, मराठी-हिंदी जसं येईल तसं. रांगोळी, मागची खोली, किती महिने बोलायचीस, किती महिने पडायचीस, बैगा, धुतलेली चिठ्ठी. आणि दिवाळीचे आठ दरवाजेही सांगितले. डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. रागावल्या नाहीत. जुनी चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली, "अच्छा हुआ शुरू नहीं की," म्हणाल्या, अमुक दिवसांनी रक्त तपासायचं, झोप लिहून ठेवायची, सगळं समजावलं. मग विचारलं, "बुआ का इलाज हुआ था?" मी म्हटलं, "नहीं." आणि का नाही झालं तेही सांगितलं.

परत येताना त्या ओसाड बसथांब्यावर आम्ही दोघीच. लेक रस्त्याकडे बघत होती. मग विचारलं, "मम्मी, फिर उनका क्या हुआ?" हा प्रश्न ती कुणासाठी विचारते आहे ते मला कळत होतं. मी म्हटलं, "ती कावीळ होऊन गेली. पण त्याआधी पंचवीस वर्षं तिला औषध मिळालं नाही, कारण आम्ही लपवलं. तुझं मी लपवणार नाही. बापाला सांगीन, शेजारच्या दीदींना सांगीन, उद्या कुणी तुला बघायला आले तर त्यांनाही सांगीन." ती म्हणाली, "कोई नहीं आएगा फिर." मी म्हटलं, "नको येऊ देत." मग ती म्हणाली, "सच में पानठेले तक निकाली थी रंगोली?" मी म्हटलं, हो, आणि मधे मंत्रीसुद्धा. ती हसली, आत्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आणि लगेच तोंड वळवलं, पण हसली. तुझं नाव विचारलं तिनं. मी सांगितलं. एकवीस वर्षांत त्या पोरीनं ते कधी ऐकलं नव्हतं.

यांना जेवताना सांगितलं. यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे आम्ही आलो होतो तेव्हा त्या आत होत्या?" हो म्हटलं, दोन तास, तोंडात पदर धरून. "आणि ती वडी?" "तिचीच." हे लग्न वडीवर झालं असं गेली बावीस वर्षं चारचौघांत सांगून हसवत आलेत. मला वाटलं रागावतील, फसवलं म्हणतील, तुझ्या सासऱ्यांसारखं. हे ताटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दोन तास? अरे, मग आम्ही एवढा वेळ बसलो कशाला! आईला तो दुसरा चहा नसता दिला तर काय झालं असतं?" मग हात धुवून लेकीच्या खोलीत गेले आणि तिच्या पायथ्याशी बसून राहिले.

हे पत्र तिच्या फाईलमध्ये ठेवणार आहे, नव्या चिठ्ठीच्या मागं. तुझा पत्ता असता तरी पाठवलं नसतं, तू वाचून सगळ्या मोहल्ल्याला ऐकवलं असतंस. लेकीला मराठी वाचायला वेळ लागतो, एकेक अक्षर जुळवत वाचते. लागू दे वेळ. कधीतरी या पानापर्यंत येईल, म्हणून एवढं शेवटचं लिहून टाकते. काल रात्रीच्या जेवणाला यांनी अजून एक विचारलं होतं, "पण दाराला कडी कोणी लावली?" आणि सगळं सांगून झालेलं असूनही मी म्हटलं, "बाबांनी." बाबा ते आपल्या नावावर घेऊन गेले, मी त्यांनाही सोडवलं नाही. गाडीचा आवाज आला तेव्हा बाबा पुढच्या दारात चपला सरळ करत होते. मागं मी गेले होते. बाबांच्या हातात बांगड्या नव्हत्या, आत्या. तू आत दाराला लागूनच बसली होतीस. कडी मी लावली, आणि ते तुला ऐकू आलं होतं.